फाइली खराब नव्हत्या

प्रिय भिंगरी,

जावईबापूंना आधी सांग, फाइली खराब नव्हत्या. एकसुद्धा नाही. चारशे बाराच्या चारशे बारा फाइली ठणठणीत होत्या आणि आता आपल्या घरच्याच कॉम्प्युटरवर, बाहेरच्या खोलीतल्या त्याच टेबलावर, खणखणीत वाजतायत. पहिल्याच ओळीत हे लिहिते आहे, कारण तुम्ही दोघांनी मिळून त्यांच्यावर केव्हाच फुली मारली होतीत. मी मारली नव्हती. मी कशावरही इतक्या लवकर फुली मारत नाही, हे तुला लग्नाआधी तरी माहीत होतं.

आता नीट पहिल्यापासून सांगते, कारण तुला यातलं अर्धंच माहीत आहे, आणि तेही बाबांच्या तोंडून, म्हणजे पावच धर. डॉक्टरांनी कागदावर गळ्याचं चित्र काढलं, त्यातल्या मधल्या भागावर पेनाने काट मारली आणि म्हणाले, गाठ इथे आहे, हे सगळं काढावं लागेल, त्यानंतर आवाज नाही. ऑपरेशनला अकरा दिवस होते. त्याच संध्याकाळी कानसेनचा फोन आला. आमच्या बोलक्या पुस्तकांच्या लायब्ररीतला रेकॉर्डिस्ट गं, त्याला आम्ही सगळे कानसेनच म्हणतो; पानाच्या कोपऱ्याला बोट लागलं तरी त्याला काचेपलीकडे ऐकू येतं. बावीस वर्षं त्या काचेच्या खोलीत बसून मी दृष्टी नसलेल्या लोकांसाठी पुस्तकं वाचली, कादंबऱ्या वाचल्या, प्रवासवर्णनं वाचली, एकदा तर मधमाश्या पाळण्यावरचं चारशे पानी पुस्तक वाचलं आणि वाचता वाचता मला स्वतःलाच माश्या चावल्यासारखं वाटायला लागलं. कानसेन म्हणाला, ताई, चार दुपारी या. रोज जे जे बोलता ते सगळं बोलून ठेवा. मागून एकेक दाबायचं आणि बोलायचं. दुसऱ्या कुणाचा आवाज कशाला उसना घ्यायचा?

मग मी शंभर पानी वहीत यादी केली. आयुष्यभर आपण काय बोलतो ते लिहायला बसलं ना, की लाज वाटते. हो. नाही. आत्ता नाही. किल्ली घेतलीत का? चहा ठेवा हो. दार लोटून घ्या. उगाच काहीतरी! अगं बाई हे तीन प्रकारे म्हटलं, एक आश्चर्याचं, एक वैतागाचं आणि एक शेजारच्या घरची बातमी कळल्यावरचं. कानसेनने बजावलं की रागाची वाक्यं भरपूर घ्या, तीच जास्त लागतील. हसणं सात वेळा घेतलं. सहा खोटी आहेत. सातवं खरं आहे, कारण तेवढ्यात कानसेनची खुर्ची मोडली आणि तो काचेपलीकडे दिसेनासा झाला. चौथ्या दुपारी माझा घसा पार बसला होता. शेवटी शेवटी तर मी कुजबुजतच होते, पण वही संपवूनच उठले.

ऑपरेशन झालं, वीस दिवसांनी घरी आले, आणि पहिलं काम म्हणजे कॉम्प्युटरपुढे बसून कानसेनने दिलेल्या पेनड्राइव्हमधल्या फाइली आत उतरवल्या आणि एक उघडली. काही नाही. दुसरी उघडली. काही नाही. त्या चौकटीत रेघ अगदी व्यवस्थित पुढे सरकतेय, सेकंद मोजले जातायत, आणि आवाज मात्र नाही. तुम्ही दोघं त्याच शनिवारी आलात. जावईबापू भले आहेत, त्यांच्याबद्दल माझी काही तक्रार नाही, पण घड्याळ लावून दहा मिनिटं ते बसले, आवाजाची पट्टी वर सरकवली, खाली सरकवली, पाच-सहा फाइलींवर टकटक केलं आणि माझ्या डोक्यावरून बाबांना म्हणाले, करप्ट झाल्यात सगळ्या. मी तिथेच बसले होते, खुर्चीत. नंतर स्वयंपाकघरात तू बाबांना हळूच सांगितलंस की तिला आता त्या नादातून बाहेर काढा, उगीच जीवाला लावून घेईल. अगं, माझा गळा गेलाय, कान नाहीत गेलेले! जो तो माझ्याशी एक तर ओरडून बोलतो नाही तर माझ्यासमोर कुजबुजतो.

आणि मग तू मला ते फोनमधलं दाखवलंस, मी टाइप करायचं आणि त्याने बोलायचं. तुझा हेतू चांगलाच होता, मला कळतं. पण ती पोरगी कोण गं? विशी-बाविशीची, आयुष्यात कधी सर्दी न झालेली, कुणाशी कधी भांडण न केलेली. मी टाइप केलं, नको. तिने ते इतक्या लाडात म्हटलं की बाबांनी माझ्या पुढ्यात आणखी वाढलं. त्या दिवशी मला राग आला, भिंगरी. आजाराचा सुद्धा इतका आला नव्हता. गाठ झाली तर झाली, ती काही कुणी मुद्दाम दिली नाही. पण माझा आवाज शाबूत आहे की नाही हे दहा मिनिटांत दुसऱ्याने ठरवायचं आणि मी मान डोलवायची, हे मला जमणार नाही असं मी तेव्हाच ठरवलं.

तुम्ही गेलात आणि मी पदर खोचला. कानसेनचा एक नियम आहे. खरखर आली की वाचणाऱ्याला दोष द्यायचा नाही. आधी माइक बघायचा, मग वायर, मग मशीन, आणि गळा सगळ्यात शेवटी. जावईबापूंनी सरळ गळ्यापासूनच सुरुवात केली होती. मी म्हटलं, आधी बघू या, या कॉम्प्युटरवर दुसरं काही वाजतं का. बाबांचा तो सकाळच्या व्यायामाचा व्हिडिओ लावला. त्यातला बनियनवाला माणूस हात वर करतोय, खाली करतोय, तोंड हलवतोय, आणि आवाज नाही. कॉम्प्युटर बंद करून चालू केला, तर सुरू होताना जे टिंग वाजतं तेही नाही. आता मला सांग, माझ्या फाइली खराब होत्या म्हणून काय त्या व्यायामवाल्याचाही घसा बसला? फाइलींचा काही संबंधच नव्हता. अख्खं मशीन मुकं होतं. हे कळायला मला पाच मिनिटं लागली, आणि ती मी वहीत लिहून ठेवली आहेत.

मग दोन दिवस नुसती शोधाशोध. स्पीकरची पिन मागून काढली, पुसली, पुन्हा घातली. स्पीकर खराब असेल म्हणून त्याची पिन बाबांच्या रेडिओला लावून पाहिली, तर बातम्या धडाधड ऐकू आल्या, म्हणजे स्पीकर निर्दोष. टेबलाखाली शिरून वायरींचा गुंता सोडवला. बाबा वरून टॉर्च धरून उभे, आणि मला दिसावं तिथे सोडून बाकी सगळीकडे उजेड पाडतायत. आणि मला त्यांच्यावर ओरडता येत नाही गं! डावीकडे, डावीकडे, एवढंच सांगायचं होतं, तर त्यांच्या पायाला चिमटा काढावा लागला. तिसऱ्या दिवशी पडद्याच्या उजव्या कोपऱ्यातल्या त्या इवल्याशा स्पीकरच्या चित्रावर टिचकी मारली, तेव्हा एक यादी उघडली. आवाज कुठे पाठवायचा याची यादी. त्यात आपल्या स्पीकरचं नाव होतं, पण खूण त्याच्यापुढे नव्हती. खूण होती नव्या पडद्यापुढे. मी हॉस्पिटलात असताना जावईबापूंनी माझ्या डोळ्यांना त्रास नको म्हणून जो मोठा पडदा आणून जोडला ना, तोच. त्याच्या त्या एका जाड वायरीतून चित्रही जातं आणि आवाजही जातो. पडद्याला स्पीकरच नाही, पण कॉम्प्युटरला ते कुठलं माहीत? तो बिचारा इमानेइतबारे सगळा आवाज तिकडे पाठवत होता. थोडक्यात, ज्यांनी दुखणं आणलं तेच डॉक्टर होऊन आले होते. मी त्यांना काही बोलणार नाही. बोलायला फाइल नाही असं मात्र समजू नकोस, एकशे नव्वद नंबरची आहे आणि चांगली ठसक्यात झाली आहे.

मी खूण बदलली. व्यायामवाला एकदम गरजला, हात वर! बाबांनी दचकून खरंच हात वर केले. मी लगेच माझी पहिली फाइल उघडली. रेघ सरकायला लागली. आणि पुन्हा काही नाही. पुन्हा उघडली, आठ-दहा मोजले, बंद केली. दुसरी उघडली, तीच कथा. आता दोष द्यायला माइक उरला नाही, वायर उरली नाही, मशीनही उरलं नाही. तेव्हा मात्र माझा धीर सुटला. मला वाटलं जावईबापू बरोबर होते, तू बरोबर होतीस, सगळे बरोबर होते, आणि मी एक हट्टी बाई, टेबलाखालची धूळ केसात घेऊन बसलेली. मी रडले. आवाज नसला की रडणंसुद्धा धड होत नाही, नुसते खांदे हलतात आणि श्वासासाठी गळ्याला पाडलेल्या भोकातून हवा फसफसते. रागारागाने सगळ्या फाइली एकदम निवडल्या, एंटर दाबलं, आणि तोंड धुवायला निघून गेले.

मी नळापाशी होते. बाबा गच्चीत कपडे वाळत घालत होते. आणि बाहेरच्या खोलीतून मी, स्वतः मी, मोठ्याने म्हटलं, अहो, ऐकलंत का? बाबा गच्चीतून ओरडले, आलो, आलो! आणि ओला शर्ट हातात घेऊन धावत आले. नळापाशी मी उभी, तोंडाला पाणी, आणि समोर ते. दोघंही एकमेकांकडे बघतोय. मला तर बोलताच येत नव्हतं, त्यांना काय झालं होतं कोण जाणे. थोड्या वेळाने खोलीतून पुन्हा मी म्हटलं, पंखा बंद करा. बाबा गेले आणि त्यांनी पंखा बंद केला, भिंगरी. चालू नव्हताच तो, तरी त्यांनी बटण वरखाली केलं. मग खाली जमिनीवर बसले, शर्ट मांडीवर घेतला आणि लहान मुलासारखे हमसून हमसून रडले. मी त्यांच्या शेजारी बसले. आम्ही तशा पंधरा-वीस फाइली ऐकल्या. मला इतका आनंद झाला होता की काय करावं ते सुचत नव्हतं.

आता तो घोळ काय होता ते ऐक आणि खुशाल हस. आमच्या रेकॉर्डिंगची एक पद्धत आहे. वाचायला सुरुवात करण्याआधी पंधरा सेकंद गप्प बसायचं आणि खोलीची नुसती शांतता टेपवर घ्यायची. मागून कुठे खोकला, कुठे चूक कापली, की तिथे ही शांतता जोडता येते, नाही तर ऐकणाऱ्याला खड्डा जाणवतो. एका पुस्तकाच्या सहा तासांत पंधरा सेकंद म्हणजे काहीच नाही. पण कानसेनने सवयीने प्रत्येक फाइलच्या आधी बोट वर केलं, आणि मीही सवयीने प्रत्येक वेळी पंधरा सेकंद ओठ मिटून बसले. नुसत्या हो साठीसुद्धा! चारशे बारा वेळा! बावीस वर्षांत ते इतकं अंगात मुरलंय की दोघांपैकी एकाच्याही ध्यानात आलं नाही. फाइल आठ-दहा सेकंदांत बंद करणाऱ्याला आवाज मिळणार कुठून? कानसेनला मेसेज केला तर तो म्हणाला, ताई, आपण दोघं एकाच माळेचे मणी, आणि कापायचं कसं ते शिकवायला दुसऱ्याच दिवशी दारात हजर. तो कापून देणार होता. मी म्हटलं, म्हणजे कागदावर लिहिलं, की शिकव, कापीन मी. अकरा दिवस लागले. प्रत्येक शांतता कापण्याआधी मी एकदा ऐकली. तिच्यात माझा नाकाने घेतलेला श्वास ऐकू येतो. आता श्वास नाकाने जात नाही, म्हणून एक तेवढी ठेवून दिली आहे, बाकी सगळ्या कापल्या.

सध्या काय चाललंय म्हणशील, तर कानसेनने सगळ्या फाइली माझ्या फोनमध्येही घालून दिल्यात, वर बटणं, प्रत्येकावर दोन शब्द. दारावर बेल वाजली की मीच विचारते, कोण आहे, आणि कुणाला आत घ्यायचं ते माझं मी ठरवते. मागच्या आठवड्यात बँकेत गेलो. खिडकीतला माणूस माझ्याकडे न बघता बाबांना विचारतो, यांना सही करता येते का? मी दोनशे अकरा दाबली. माझ्याशी बोला. त्याच्या हातातला शिक्का पडला. मागे रांगेतल्या दोन बायका हसल्या, आणि मग मी सातवं हसू लावलं, ते खरं. बाबा म्हणतात जरा जास्तच झालं. होऊ दे. आणि हो, सोमवारपासून मी पुन्हा लायब्ररीत जाते. नव्या वाचकांचं वाचन ऐकायचं आणि चुका काढायच्या. चुका काढायला गळा लागत नाही, आणि त्या कामात माझा हात धरणारं कुणी नाही हे तुझ्याएवढं कोण जाणतं!

आता एक बोलायचं राहिलं आहे, ते मी आजवर टाळलं. घरी आल्यावर पहिल्या आठवड्यात मी तुला स्वतः फोन केला होता, डॉक्टरांनी दिलेलं ते गळ्याला लावायचं यंत्र लावून. तू पलीकडून म्हणालीस, हे कसलं मशीन बोलतंय, आणि फोन ठेवलास. मी पुन्हा लावला, तू पुन्हा ठेवलास, आणि मी ते यंत्र खणात टाकून दिलं. मग बाबांनी त्यांच्या फोनवरून सांगितलं तेव्हा तू खूप रडलीस, हे मला ठाऊक आहे. मला वाईट वाटलं नाही असं मी आजपर्यंत सगळ्यांना सांगत आले. खोटं आहे ते. फार वाईट वाटलं. पण त्याहून वाईट मागून झालं. त्या दिवसापासून तुझा फोन बाबांनाच येतो. आई कशी आहे? मी त्यांच्या समोर बसलेली, मटार सोलत, आणि बाबा माझ्याकडे बघत म्हणतात, बरी आहे. जशी काही मी परगावी असते. तू घाबरतेस, माझा नवा आवाज ऐकायला घाबरतेस, एवढंच. त्यात लाज कसली? मी सुद्धा घाबरले होते.

आणि परवा तू बाबांना म्हणालीस की फाइली सुधारल्याच आहेत तर सगळ्या पेनड्राइव्हमध्ये घालून पाठवा, आठवण म्हणून जपून ठेवू, पुढे मुलांना आजीचा आवाज ऐकवता येईल. हे पत्र त्याचं उत्तर आहे. पेनड्राइव्ह मिळणार नाही. आठवण गेलेल्या माणसाची ठेवतात, बाई, आणि मी कुठेही गेलेली नाही. तुला त्यातली नेमकी कुठली फाइल हवी आहे तेही मला कळतं. चारशे बारावी. ऑपरेशनमधून उठले नाही तर तुला द्यायची म्हणून मी शेवटच्या दुपारी कुजबुजत बोलले होते, आणि कानसेनने ते तुझ्या कानावर घातलं होतं. मी ती कापायला घेतली तेव्हा पूर्ण ऐकली. अकरा मिनिटांची होती. एकही चूक नव्हती. तुला किती जपून राहा म्हणून सांगितलं होतं, माझं चुकलंमाकलं पोटात घाल म्हटलं होतं, आणि शेवटी तुझा निरोप घेतला होता. ऐकून झाल्यावर मी ती पुसून टाकली, पेनड्राइव्हवरचीसुद्धा, आणि कॉम्प्युटरमधला कचऱ्याचा डबाही रिकामा केला, म्हणजे जावईबापूंनाही ती परत आणता येणार नाही. त्या जागी चारशे बारा नंबरवर मी गळ्याचं यंत्र लावून, याच नव्या घरघरत्या आवाजात, तुझं नाव रेकॉर्ड केलं आहे. ते तुझ्या फोनवर पाठवलंय, ऐक. रविवारी अकरा वाजता माझ्या नंबरवर फोन कर, बाबांच्या नाही, आणि मी कशी आहे ते मला विचार.

तुझीच, आणि अजून तुला पुरून उरणारी,
आई